अजून जीवन

८ जुलै, मंगळवार

नववीच्या वर्गातला स्मार्ट बोर्ड शेवटी चालू झाला. आला तेव्हापासून त्यावर चादर टाकून ठेवलेली, सोवळ्यातल्या देवावर टाकावी तशी. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सांभाळून. बिघडला तर तुमच्या नावावर." माझ्या नावावर आधीच चित्रकला आहे, आणखी काय बिघडायचं राहिलंय.

माझ्या मोबाइलचं नेट बोर्डाला जोडलं. नेदरलँड्सच्या एका संग्रहालयाची साइट. सगळी चित्रं फुकट, परवानगी नको, काही नको. बोटांनी ताणत गेलं की रंगाला गेलेल्या भेगासुद्धा दिसतात. एक अर्धं सोललेलं लिंबू, साल टेबलावरून खाली लोंबतेय. ते ताणून ताणून दाखवलं. पोरं गप्प झाली. आमची नववी गप्प बसली हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

मजकूर इंग्रजीत, म्हणून मराठी कर असं सांगितलं भाषांतराच्या यंत्राला. 'स्टिल लाइफ'चं त्यानं केलं 'अजून जीवन'. मोठ्या अक्षरांत, चित्राच्या डोक्यावर. आधी हसले, मग चिडले. स्थिरचित्र हा सरळ शब्द आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या पेपरावर छापलेला असतो. यंत्राला वाटलं, स्टिल म्हणजे अजून. खाली 'चांगला अनुवाद सुचवा' असं बटण होतं. तिथल्या तिथं 'स्थिरचित्र' टाइप करून पाठवून दिलं. चूक दिसली की मला राहवत नाही.

पोरांना मात्र चूकच आवडली. सुटताना एकमेकांना म्हणत होती, "ए अजून जीवन, कंपास दे की माझा."

११ जुलै, शुक्रवार

त्याच साइटवर शिक्षकांसाठी धडे आहेत. तेही फुकट. पद्धत साधी. चित्राबद्दल आपण काही सांगायचंच नाही. विचारायचं, काय दिसतं? मूल जे सांगेल त्यावर विचारायचं, कशावरून? बस्स. मला वाटलं, हे काय, यात शिकवणं कुठं आलं. पण करून पाहिलं.

आज माशांचं चित्र लावलं. गणेश, ज्याच्या घरी उजनी धरणाच्या पाण्यावर मासेमारी चालते, तो उभा राहिला. "बाई, मासा कालचा हाय."

"कशावरून?"

"डोळा आत गेलाय की. ताजा असला तर वर येतो."

ताणून पाहिलं. डोळा आत गेलेला. एवढी वर्षं मी असल्या चित्रांतला प्रकाश शिकवत आलेय. मासा शिळा आहे हे कधी दिसलं नाही मला.

मागून कोणीतरी म्हणालं, "मेलाय तर वर अजून जीवन कशाला लिवलंय?" सगळे हसले. मी म्हटलं, मशीनची चूक आहे रे बाबांनो, तिकडं लक्ष देऊ नका. पण 'कशावरून' हा शब्द पोरांनी उचलला. डब्याच्या सुट्टीत ऐकला. "तुझी भाजी लय भारी हाय." "कशावरून?"

१५ जुलै, मंगळवार

अक्षदा आली. शाळा सुरू झाल्यापासून आज पहिल्यांदा. शेजारच्या डाळज गावाहून येते. पाचवीपासून माझ्या हाताखालची पोरगी, रेघ ओढते तेव्हा तिला श्वास घ्यायचं भान नसतं. इंटरमिजिएटला पहिली श्रेणी आणेल अशी एकच मला दिसते, ती ही.

तिचे वडील बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर. मे महिन्यात पाळी सुटल्यावर मोटरसायकलवरून घरी येताना भिगवण रस्त्यावर अपघात. डोक्याला मार. पुण्याला ठेवलं होतं, आता घरी आणलंय.

"कसे आहेत पप्पा?"

"डोळं उघडत्यात. पण बघत न्हाईत."

एवढंच बोलली. तिला नवा पेपर दिला आणि जागेवर बसायला सांगितलं.

२२ जुलै, मंगळवार

आज फजिती झाली माझीच. डच लोकांचं पुरे, म्हणून एका फ्रेंच संग्रहालयाची साइट उघडली. तसंच चित्र, फळं, सुरई, कापड. पण फ्रेंच लोक याला म्हणतात 'मेलेला निसर्ग'. त्यांच्या भाषेत शब्दच तसा आहे. यंत्रानं जसाच्या तसा मराठीत आणला, 'मृत निसर्ग'.

वर्गात दोन तट. अर्धी पोरं म्हणे अजून जीवन बरोबर, अर्धी म्हणे मृत निसर्ग. गणेश म्हणाला, फळ झाडावरनं तोडलं की मेलंच. एक मुलगी म्हणाली, मग पिकतं कसं? घरात ठेवलेला आंबा पिकतो की. मेलेलं पिकतं का कधी?

डी.एड.ला, चित्रशिक्षकाच्या ए.टी.डी.ला हे कोणी शिकवलं नाही मला.

मागच्या बाकावरून अक्षदा म्हणाली, "बाई, पण हे ठरवतं कोण?"

वर्गाला काही कळलं नाही. मला कळलं. घंटा झाली म्हणून सुटले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

नेट नाही. पाऊस झाला की टॉवर झोपतो. गणिताच्या सरांनी लगेच संधी साधली, "बाई, तुमचं ते फॉरेनचं बंद असेल तर तास मला द्या." दिला नाही. खडू घेतला आणि फळ्यावर कळशी काढली.

संध्याकाळी बारामतीला घरी येऊन चित्रं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. आमचे हे, अभय, चहा घेता घेता म्हणाले, "एवढी खटपट कुणासाठी?" म्हटलं, या पोरांनी आयुष्यात खरं चित्र एकच पाहिलंय, कॅलेंडरवरचं. त्यांचा चेहरा उतरला. आमच्या हॉलमध्येही कॅलेंडरच आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

धड्यांमध्ये पुढचा भाग असा. हे चित्रकार फळांच्या शेजारी मुद्दाम विझलेली मेणबत्ती ठेवायचे, कवटी ठेवायचे, फळावर माशी बसवायचे. म्हणजे बघणाऱ्याला आठवण राहावी, की बाबा रे, तूही जायचा आहेस. धडा चांगला आहे. कालपासून ठरवत होते दाखवायचा म्हणून. अक्षदा समोर बसलेली पाहिली आणि तेवढी चित्रं गाळून पुढं गेले.

तास सुटल्यावर पोरगी टेबलाजवळ आली.

"बाई, तुमी कवटीचं दाखवलं न्हाई."

"तू कुठं पाहिलंस?"

"आईच्या मोबाइलवर. फुकट हाय की समदं."

खरंय. मी झाकून काय होणार होतं. मग तिनं आपणहून सांगितलं. काल घरी तिचा चुलता कोणाला तरी म्हणाला, दादा गेल्यातच जमा हाय. ही आतून म्हणाली, "कशावरून?" चुलत्यानं मोठ्या माणसांत बोलते म्हणून दटावलं. ही परत म्हणाली, कशावरून. मग आईनं हाताला धरून आत नेलं आणि दोघी रडल्या.

"मी चुकले का, बाई?"

नाही म्हटलं. घरी येईपर्यंत एसटीत तोच शब्द डोक्यात. तो शब्द मीच वर्गात नेला होता, मासा ताजा की शिळा एवढ्यासाठी.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्यापासून गणपतीची सुट्टी. नववीला घरचा अभ्यास. स्थिरचित्र, घरातल्याच वस्तू मांडून. फळ्यावर कृती लिहून दिली, नेहमीचीच. तीन वस्तू, एक उंच, एक बुटकी, एक आडवी. मागं पांढरं कापड, म्हणजे सावल्या नीट कळतात. पुढं एक फूल, रंगाचा ठिपका हवा म्हणून. वस्तू बाजारातून आणलेल्या नकोत, ज्याला रोज हात लागतो अशा हव्यात.

या वर्षी पोरांचे हात सुधारलेत, हे लिहायलाच हवं. पूर्वी कळशी म्हणजे दोन कंस काढायची. आता वस्तूकडं बघतात आधी.

९ सप्टेंबर, मंगळवार

चित्रं आली. बाकीच्यांची मिक्सर, तांब्या, दूध काढायची बादली. गणेशनं जाळं आणि वल्हं काढलंय, झकास.

अक्षदाचं पाहिलं आणि खुर्चीत बसले. वडिलांचं हेल्मेट, वडिलांचा स्टीलचा डबा, त्यांचं प्लँटचं ओळखपत्र दोरीसकट आडवं पडलेलं. मागं पांढरं कापड. पुढं एक झेंडू.

हेल्मेटवर ओरखडा नाही. विचारलं. म्हणाली, "गाडीच्या आरशाला अडकवलं हुतं त्या दिवशी. डोक्यात नव्हतं."

हेल्मेटच्या काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडलंय, चौकटीसकट. त्या डच लोकांनी लिंबाशेजारच्या पेल्यात खिडकी दाखवली होती ती तिनं ताणून ताणून बघितली होती, हे तिथून आलंय. मी तिला शिकवलेलं नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय, अजून जीवन.

खोडायला सांगायला हवं होतं. परीक्षेला असं काही लिहिलं तर पेपर बाद करतील. नाही सांगितलं. इतकं चांगलं चित्र या शाळेत माझ्या डोळ्यांनी दुसरं पाहिलं नाही, असं तिला सांगितलं. तिनं मान खाली घातली, पण खूश झाली होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या पालकसभा. मुख्याध्यापक म्हणाले, तुमची चित्रं लावा की व्हरांड्यात, पालकांना दिसू दे बोर्डाचा काय उपयोग होतो ते. पहिल्यांदाच आपणहून बोलले. दोऱ्या बांधून सगळी लावली. अक्षदाचं मधोमध, ऑफिसच्या दारासमोर. मनातून मिरवायचंच होतं मला.

१३ सप्टेंबर, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

अक्षदाचे आजोबा आले होते सभेला, सगळे आबा म्हणतात. आईला घर सोडता येत नाही म्हणून ते. धोतर, टोपी, हातात छत्री. चित्रं बघत बघत येत होते. मधल्या चित्रापुढं आले आणि थांबले. आणि त्यांनी चपला काढल्या.

मला वाटलं, चिखल लागला असेल. मग त्यांचे हात जोडायला वर आलेले दिसले. अर्ध्यातच थांबले. मुलाचं ओळखपत्र वाचलं असावं तोवर.

हे मला आधी का दिसलं नाही. पितृपंधरवडा चालू आहे. घरोघर गेलेल्यांना पान वाढताहेत. आणि इथं एका माणसाच्या वस्तू, मागं पांढरं कापड, पुढं झेंडूचं फूल. गेलेल्या माणसाचंच मांडतात असं. मी फळ्यावर लिहिलेली कृती, तीच.

आबा हळूच म्हणाले, ओरडले असते तर बरं झालं असतं, "बाई, हे कुनी काढाय लावलं?"

"मी, आबा."

"माझा ल्योक जित्ता हाय. जित्या मानसाला फूल वाहत्यात व्हय? आन् तेबी ह्या पंधरवड्यात?"

म्हटलं, आबा, हे तसं नाही, परीक्षेला असंच असतं, रंगासाठी फूल ठेवतात. बोलता बोलता माझं मलाच पोकळ वाटलं.

"आमी अडाणी. पन फूल कशापुढं ठेवत्यात येवढं आमाला कळतंय."

अक्षदा पाठीमागं उभी होती. तिला धरून निघाले. फाटकापाशी वळून म्हणाले, "हिची चित्रकला बास झाली आता. त्या परीक्षेला न्हाय यायची ही."

चित्र काढून कपाटात ठेवलं. सभेत मुख्याध्यापक बोर्डाचं कौतुक करत राहिले. मी काही ऐकलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

घरी. अभयना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांचं चुकलं असं वाटतंय का तुला?" नाही वाटत. तेच तर. साइटवर कवटीचा अर्थ दिलाय, लिंबाचा दिलाय, माशीचा दिलाय. पांढऱ्या कापडापुढच्या झेंडूचा डाळजमध्ये काय अर्थ होतो ते कुठं दिलेलं नाही. ते मला माहीत असायला हवं होतं. मी इथलीच आहे.

दुपारी भाजी करपवली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अक्षदा नाही. परीक्षेचा अर्ज जाऊन महिना झालाय, तिचं प्रवेशपत्रही आलंय. परीक्षा पंचवीसला, इंदापूरच्या केंद्रावर.

मुख्याध्यापक म्हणतात, बाई, घरच्यांचा विषय आहे, आपण मध्ये पडू नका. आणि ते फॉरेनचं जरा कमी करा. मी म्हटलं, फॉरेनचं काही नव्हतं सर त्यात, झेंडू होता. त्यांना काही उमगलं नाही.

वर्गात बोर्ड लावला नाही. पोरांनीही मागितला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर डाळजला गेले. अभय म्हणाले होते, उद्या सर्वपित्री, आज जाऊ नकोस, हाकलून देतील. म्हटलं, देऊ देत.

हाकललं नाही. चहा आला. दर्शनी खोलीतच कॉट, त्यावर अक्षदाचे वडील. नाकात नळी. दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. अक्षदाची आई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अवो, शाळंतल्या चित्रकलेच्या बाई आल्यात. अक्षदाच्या." मग मला म्हणाली, "समदं सांगती मी त्यास्नी. दूध किती निघालं, कोन आलं, कोन गेलं." त्यांचे डोळे उघडे होते, छताकडं. मला रडू आवरेना. चहाचा कप तोंडाला लावून बसले.

आबांची माफी मागितली. मग मी मोबाइल काढला. ठरवून गेले नव्हते, पण दुसरं काही येत नाही मला. म्हटलं, आबा, पोरीनं हे कुठून घेतलं ते तरी बघा एकदा. लिंबाचं चित्र लावलं. रेंज जेमतेम, चित्र वरून खाली हळूहळू उतरलं.

आबा चौथी शिकलेले. वरची अक्षरं बोट ठेवून वाचली. "अ-जू-न जी-व-न." परत वाचली. मग विचारलं, "हे कुनी लिवलं?"

"मशीननं. चुकीचं आहे ते, आबा. स्थिरचित्र असं हवं."

"ह्याला काढनारा हाय का अजून?"

"नाही, कधीच गेला. शेकडो वर्षं झाली."

"आन् हे लिंबू?"

"तेही गेलं."

"मंग चुकीचंच हाय," म्हणाले. पण मोबाइल परत देईनात. बोट लागून चित्र मोठं झालं, लिंबाच्या रसाचा थेंब आला पडद्यावर. तो बघत बसले. मग सुनेला हाक मारून तिलाही दाखवला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "आबा, पोरीनं फूल वाह्यलं नव्हतं. त्यांच्यापुढं ठिवलं हुतं. मी बगितलंय मांडताना. ती बोलत हुती त्यांच्यासंगं."

आबांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी निघताना चपला घालत होते तेव्हा आबा म्हणाले, "चित्र शाळंतच ठिवा. फाडू नका आन् घरीबी नका आनू. पोरीला न्या परीक्षेला. पन फूल काढायचं न्हाय तिनं."

अक्षदा दारामागं होती. तिनं ऐकलं.

परीक्षेला मांडणीत बहुतेक वेळा फूल असतंच. हे आबांना सांगितलं नाही. तिला माहीत आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

इंदापूर. आबा तिला स्वतः घेऊन आले एसटीनं. केंद्रावर आम्हा शाळेच्या शिक्षकांना आत सोडत नाहीत, फाटकाबाहेर झाडाखाली उभे होतो, मी आणि आबा. ते मध्येच म्हणाले, "काल डोळं माझ्याकडं वळल्यासारखं वाटलं. सून म्हनती, न्हाय, भास झाला तुमाला." मी विचारणार होते, कशावरून. गिळला शब्द.

मुलं बाहेर आली. मांडणी काय होती? कळशी, वांगी, निळं कापड. आणि झेंडू.

आबा पलीकडं पाणी प्यायला गेले होते. तिला बाजूला घेतलं. "फूल काढलंस?"

"काढलं."

"अगं."

"वाहिल्यालं न्हाय काढलं, बाई. तितं नुसतंच डोकं ठिवलं हुतं, बिनदेठाचं. मी देठ काढला. कळशीच्या पाण्यात सोडला."

परीक्षेत समोर दिसतं तेच काढायचं असतं. देठ नव्हता तर नव्हता. गुण जाणार. पहिली श्रेणी जाईल कदाचित. हे सगळं मनातच राहिलं. देवाला वाहायच्या फुलाला देठ नसतो, हे मला पन्नाशीला आल्यावर एका नववीतल्या पोरीकडून कळावं.

आबा आले. तिनं त्यांना आपणहून सांगितलं, अगदी तसंच. ते ऐकून घेतलं त्यांनी. "पान्यात हाय ना?" एवढंच विचारलं. मग दोघं एसटीकडं गेले.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी अक्षदाच्या आईचा फोन. वडिलांना शनिवारपासून ताप, छातीत कफ भरलाय. बारामतीला दवाखान्यात हलवलंय. "पोरीला शाळंत पाठवती, घरी नुसती बसून ऱ्हाती. तुमी बघा तिच्याकडं." बघते म्हटलं. काय बघणार.

शाळा सुटल्यावर घरी न जाता दवाखान्यात गेले. आत सोडलं नाही. आबा बाकावर, छत्री मांडीवर. मला जागा करून दिली. दोघं बसलो थोडा वेळ.

३० सप्टेंबर, मंगळवार

अक्षदा वर्गात आली होती, मागचं बाक. परवा दसरा, पोरं सैरभैर. म्हटलं, चला, आज बोर्ड. बरेच दिवसांनी चादर काढली. नेट चांगलं होतं. पहिल्या दिवसाचंच चित्र लावलं, लिंबू. तिला आवडतं म्हणून.

चित्र आलं. डोक्यावर अक्षरं आली. स्थिरचित्र.

पुन्हा लावून पाहिलं. तेच. दुसरं उघडलं, माशांचं. स्थिरचित्र. सगळीकडं शुद्ध, बिनचूक. जुलैमध्ये मी पाठवलेलाच शब्द. माझ्याच पाठवण्यानं बदललं असं काही नाही, जगभरातून किती जण सुचवत असतील. पण ते बटण मीही दाबलं होतं.

वर्गात कोणाच्या लक्षात आलं नाही. मागून आवाज आला.

"बाई, अजून कुठं गेलं?"

सगळी पोरं तिच्याकडं वळली, मग माझ्याकडं. मला सांगता आलं असतं, की हेच बरोबर आहे, परीक्षेला हेच लिहायचं. बावीस वर्षं हेच सांगत आलेय.

खडू घेतला. बोर्डाच्या शेजारी आपला जुना काळा फळा आहे, त्यावर लिहिलं. अजून जीवन. मोठ्या अक्षरांत, अक्षरलेखनाच्या तासाला लिहिते तसं, वर-खाली रेघा आखून. पोरं वहीत उतरवून घेऊ लागली, फळ्यावर आलं की उतरवायचं एवढंच त्यांना माहीत. गणेशनं विचारलं, "बाई, पण चूक हाय ना हे?" म्हटलं, उतरव.

तेवढ्यात शिपाईमामा दारात. "बाई, डाळजच्या अक्षदाला न्यायला आबा आल्यात तिचं. आफिसात बसल्यात."

कशाला आलेत, विचारलं नाही. अक्षदानंही नाही विचारलं. तिनं पट्टी, पेन्सिल, खोडरबर कंपासमध्ये ठेवलं, एकेक. वहीत उतरवून झालं नव्हतं, अर्धी ओळ राहिली होती. उभ्या उभ्या ती पुरी केली आणि गेली. मी दारापर्यंत गेले. व्हरांड्याच्या टोकाला ऑफिस, तिथं आबांची पाठ दिसत होती. घरात कोणी गेलं की माणसं टोपी उतरवतात; आबांची डोक्यावर होती का हातात, ते इथून कळत नव्हतं.

परत येऊन तास पुरा केला. काय शिकवलं आठवत नाही.

शाळा सुटल्यावर मामा डस्टर घेऊन आले. आधी खडूची ताटली झटकली, मग फळ्याकडं वळले. म्हटलं, मामा, तेवढं राहू द्या आज.